साहेबांचे बूट

मंगळवार, दिवेलागण

केळीवरच्या मर रोगाची माहिती द्यायला आज शिरूरवरनं साहेब आले. शेजारच्या आप्पांच्या मर लागलेल्या केळीत फिरले, "हा रोग मातीतून पसरतो," म्हणाले, आन् तेच चिखलाचे बूट घेऊन थेट आमच्या वेलची केळीत शिरले! काय ते शिक्षण! सासूबाईंनी जपलेलं हे वाण गावात दुसऱ्या कुणाकडं न्हाई. बूट धुवा, एवढं तरी मी का बोलले न्हाई? साहेब म्हणून?

मग चहाला घरी आले, तर उंबऱ्याबाहेर वाकून बूट काढायला लागले.

सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या की, साहेब."

"छे छे, घरात माती नको."