साइटवर न जाता रोवणी

२८ जून

आजपासून शेती. निर्णय झाला.

रामटेकजवळचं बायकोचं, प्रमोदिनीचं शेत. माझ्या सासऱ्यांनी तिच्या नावावर केलेलं. इतकी वर्षं शेजारच्या शेताचे मारोतराव अर्ध्या वाट्यानं करत होते. ते दरवर्षी पोतीच्या पोती धान आणून देतात, म्हणजे स्वतः किती ठेवत असतील याचा विचार कुणी केला? मी केला. या वर्षीपासून त्यांना मोकळं केलं. काम ठेक्यानं देणार.

मी बांधकाम खात्यात एकतीस वर्षं ठेकेदारांची बिलं पास केली. पूल, रस्ते, शाळेच्या भिंती. एकाही साइटवर जायची वेळ आली नाही. ठेकेदार ही जात मला आतून-बाहेरून ठाऊक आहे.

प्रमोदिनीनं एकच हंगाम दिलाय. म्हणाली, वडिलांच्या शेतात रोवणी झाली नाही असं आजवर कधी झालं नाही. या वर्षी झाली नाही तर शेत मारोतरावांकडे परत, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. मंजूर केलं. हसलोही थोडा.

२ जुलै

इकडे धानाच्या रोपांना पऱ्हे म्हणतात, लावणीला रोवणी आणि बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याला बांधी. तिन्ही शब्द पाठ. पऱ्हे मारोतरावांनी शेत सोडण्याआधी टाकून ठेवलेच होते. ते लावून घ्यायचे, बस्स.

तीन ठेकेदारांकडून कोटेशन मागवलं. एकानं फोन ठेवला. दुसऱ्यानं कोटेशन म्हणजे काय ते विचारलं. तिसरा गिरिधर. सर्वात कमी दर त्याचाच, म्हणून त्याला दिलं.

अटी : अॅडव्हान्स नाही. काम झालं की व्हॉट्सअॅपवर फोटो. फोटो पाहून रनिंग बिल पास. पैसे फोनवरून.

गिरिधर म्हणाला, साहेब, पहिल्या दिवशी तुम्हाले याच लागते. मालकानं बांधीवर नारळ फोडल्याबिगर रोवणीच्या बाया चिखलात उतरत नाही जी. मालकाचं तोंड पाहूनच कामाला लागते त्या. मी त्याला समजावलं की ऑथॉरिटी साइटवर जात नसते, नारळ तूच फोड. तो हो जी म्हणाला. बारकाईनं ऐकणारा माणूस वाटला.

८ जुलै, संध्याकाळी

पहिला फोटो आला!

काय हिरवं! ओळीत लावलेलं, पाण्यात आभाळ दिसतंय. बिल तात्काळ पास. पैसे पाठवले. फोटो डीपीला लावला. मॉर्निंग वॉकच्या मंडळींना पाठवला, अंगठे आले.

येत्या रविवारी शेतावर जायचंच.

११ जुलै

दुसरा फोटो. पहिल्यापेक्षाही सुंदर.

प्रमोदिनीनं फोन हातातून घेतला. म्हणाली, अहो, ही विहीर मारोतरावांची आहे. आपल्या शेतात विहीरच नाही. मी सांगितलं, फोटोत शेजारचं येऊ शकतं, त्याला अँगल म्हणतात. ती म्हणाली, अँगल असू द्या, पण मग आपलं शेत कुठाय यात?

तिचे डोळे तपासून घ्यायला हवेत. मोतीबिंदूची सुरुवात असू शकते.

ती म्हणत होती एकदा जाऊन येऊ या. ठेकेदारावर अविश्वास दाखवला की त्याचं मन मोडतं, हे तिला कोण सांगणार. बिल पास.

१३ जुलै, रविवार

निघालो होतो. निघण्याआधी टायरमध्ये हवा भरायला गेलो तर आमच्या वाडीच्या चौकात ट्रक आडवा. मागे ट्रक, पुढे ट्रक. घरी परत. कंबरही धरली होती.

पुढच्या रविवारी नक्की.

१६ जुलै

वॉकच्या मंडळींना आज घरबसल्या शेती या विषयावर बोललो. लोक उगाच चिखल तुडवतात. सिस्टीम लावली की शेत आपोआप चालतं. एकानं विचारलं, मजूर मिळतात का हो हल्ली? मी म्हटलं, मजूर नाही, माणूस पारखावा लागतो.

१९ जुलै

शेवटचा फोटो. खाली लिहिलंय, काम कंप्लीट. फायनल बिल पास केलं. सिक्युरिटी डिपॉझिट कापायचं राहून गेलं. हरकत नाही. माणूस देवासारखा आहे.

प्रमोदिनीला फोटो दाखवायला गेलो. तिनं पाहिलाच नाही. मत्सर असतो माणसात, अगदी घरच्या माणसातसुद्धा.

२३ जुलै, सकाळी

आज दोघं शेतावर निघालोय. पांढरा शर्ट घातलाय, फोटोत उठून दिसतो.

२३ जुलै, संध्याकाळी

धोका.



शेतात गवत. पाणी आणि गवत. एका कोपऱ्यात आमचे पऱ्हे तसेच उभे, वाढून पिवळे पडलेले, लावायच्या कामाचे राहिले नाहीत. आणि बांधापलीकडे मारोतरावांचं शेत, माझ्या डीपीतलं.

गिरिधर रस्त्यावरच्या टपरीवर चहा पिताना सापडला. मी ओरडलो. तो उठून उभा राहिला, नमस्कार केला. म्हणाला, साहेब, पहिल्या दिवशी बाया घेऊन आलतो ना मी. दुपारपर्यंत बांधावर बसून होत्या. मालक कोण हाये, कसा हाये, काही माहीत नाही, अन् अॅडव्हान्सही नाही. मग मारोतरावांनी आवाज देला, त्यांच्याकडे गेल्या. मी म्हटलं, मग फोटो काहून पाठवले? तर म्हणतो, तुम्ही फोटोचे पैसे देऊन राहिले होते जी. मी फोटो पाठवून राहिलो होतो.

इतकं निर्लज्ज, इतकं शांतपणे! आमच्या खात्यातले ठेकेदार निदान घाम तरी पुसायचे.

पोलिसात जातो म्हटलं. तो म्हणाला, जा ना, पण काय लिहून देसान, की मी मालक, पण कधी शेतात गेलोच नाही?

प्रमोदिनी बांधावर बसून होती. रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, बाबांच्या शेतात कुणी गवत पाहिलं नव्हतं हो. मी तिला रुमाल दिला. माझीही फसवणूक झाली आहे, याकडे तिचं लक्ष नव्हतं.

२४ जुलै

झोप नाही. ज्याला देवासारखा म्हटलं त्यानं पाठीत सुरा खुपसला. डीपी काढला. वॉकला गेलो नाही.

आता वाटतं, यात मारोतरावही सामील असणार. त्यांच्याच शेताचे फोटो, त्यांच्याच विहिरीसकट. प्रमोदिनीला हे बोलून दाखवलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मारोतरावांना फोन लावला. माझ्यासमोर.

त्यांनी दुसऱ्या बांधीसाठी उशिरा टाकलेले थोडे पऱ्हे उरलेत. म्हणाले, ताई, तुम्ही चिंता नका करू, तुमचं रान पडीत राहू देतो का मी? बाया मी बोलावतो, तुम्ही फक्त येऊन उभ्या राहा. ती मला न विचारता हो म्हणाली. शेत त्यांच्याकडे परत.

घरातूनच असं झालं तर माणसानं जायचं कुठे?

२९ जुलै

आज चिखलणी झाली म्हणे. प्रमोदिनी पहाटेच्या बसनं एकटी गेली. मला चल म्हणाली नाही. मी येणार नव्हतोच, पण विचारायला हरकत नव्हती.

३१ जुलै

रोवणी संपली. शेवटच्या दिवशी मालकानं बायांना जेवण द्यायचं असतं. जेवणाची मोठी डेगची बसनं कशी न्यायची म्हणून प्रमोदिनीनं मला गाडी काढायला सांगितली. माझी गरज पडतेच शेवटी.

खरं सांगायचं तर शेत सुंदर दिसत होतं. हे मी तिला सांगितलं नाही.

मी गाडी सावलीत लावून तिथेच थांबलो. चिखलात बूट खराब झाले असते. बाया बांधावर जेवायला बसल्या, प्रमोदिनी वाढत होती, मारोतराव पाणी देत होते. हसणं, थट्टा, सगळं तिच्याशी. कधी नव्हे इतकी मोकळी दिसली. प्रेमिला नावाची एक बाई आहे, टोळीत तिचाच शब्द चालतो. तिनं मोठ्यानं म्हटलं, ताई, तुमच्या ड्रायव्हरलेही वाढा ना जी, सकाळपासून गाडीपाशीच उभा हाये बिचारा.

मारोतराव हंड्याकडे बघू लागले. प्रमोदिनीनं माझ्याकडे पाहिलं. चांगलं बराच वेळ पाहिलं.

मग म्हणाली, हो, वाढते.

ताट घेऊन आली. भात, वरण, वांग्याची भाजी, वर लोणचं. ताट हातात देऊन परत गेली. मी डिकीला टेकून जेवलो.

निघताना तीच प्रेमिला खिडकीशी आली. मला म्हणाली, भाऊ, ताईले सांभाळून नेजा, रस्ता खराब हाये.

हो म्हणालो.