दांडीवरची जांभळी फीत

ता. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आलं आणि डोकं असं फिरलं की दुपारभर गणवेशांच्या कॉलरी उलट्या शिवत बसले. पाळीवरच्या मुली हसतायत. हसू देत.

दादाला जाऊन अजून वर्षसुद्धा झालं नाही आणि तुमच्या लाँड्रीला अठ्ठावीस एप्रिल पाळायची हौस आली! अरे, तुझ्या मॅनेजरला हा दिवस कशाचा आहे ते तरी माहीत आहे का? कामावर मेलेल्यांचा, जायबंदी झालेल्यांचा दिवस आहे तो. कितीतरी देशांत पाळतात. कुठे सुट्टी असते, कुठे रिकामी खुर्ची ठेवतात, कुठे नुसती बुटांची जोडी. आमच्या शिलाई कारखान्यात संघटनेने सुरू केला तेव्हा शेजारीण मला विचारत होती की हा कुठला नवा दिवस काढलात. कोणाच्या गावी नसतो बिचारा. पण आम्ही त्या दिवशी आधी गेलेल्यांची नावं घेतो आणि मग एकेक मशीन उघडून तपासतो. आठवण आणि भांडण, दोन्ही एकाच दिवशी. भांडण वगळलं की राहतो तो फुलांचा खर्च.

आणि तुमचा कार्यक्रम काय, तर एक मिनिट सगळी मशीनं बंद ठेवून शांतता, आणि मग वहिनींनी पुढे येऊन दादाच्या रोलरचं हिरवं बटण दाबायचं, म्हणजे काम पुन्हा सुरू! ज्या इस्त्रीच्या रोलरने नवरा ओढून नेला, तोच बायकोने चालू करायचा? कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? जखमेवर मीठ चोळतात हे ऐकलं होतं, इथे चोळणाऱ्याला टाळ्याही हव्यात.

तू वहिनींना नाही म्हणून सांग. आणि मला एकाच गोष्टीचं सरळ उत्तर दे. चिमणीला तुम्ही बापाच्या जागी त्याच रोलरवर उभं केलंय. त्या रोलरची दांडी अजून बांधून ठेवतात का?

लोभ आहेच, सध्या रागाच्या खाली दबलाय.

तुझी आक्का

*

ता. १४ एप्रिल

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र चिमट्याने धरून वाचावं असं होतं. बायको म्हणाली, बाहेर पायरीवर बसून वाचा, घरात पडदे आहेत.

दांडीचं विचारलंस. लांबून बोलणं सोपं आहे, आक्का. दांडी रोलरच्या तोंडाशी असते, हात आत जायला लागला की ती वर उचलली जाते आणि मशीन थांबतं, हे कागदावर छान आहे. पण ओली चादर जरा फुगली तरी ती उचलली जाते. मशीन थांबलं की आतली चादर करपते, मागे ढीग साचतो आणि हॉस्पिटलची गाडी दारात हॉर्न मारत उभी असते. म्हणून पाळी सुरू झाली की जो तो चिंधी घेऊन दांडी खाली बांधतो. इन्स्पेक्टर आला की गेटवरून दोनदा घंटा होते, मग सोडतात. ही रीत मी पाडलेली नाही. मी सुपरवायझर व्हायच्या आधीपासून आहे. दादाही बांधायचा.

चिमणीला मी बजावलंय की बाह्या कोपरापर्यंत दुमडून काम कर. तिच्यावर माझं लक्ष असतं. मॅनेजरशी वाकडं घेतलं तर माझी नोकरी जाईल आणि तिचीही. पाण्यात राहून माशाशी वैर करून कसं भागेल?

वहिनींना मी विचारलं. मला वाटलं होतं रडतील. त्या भाजी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. बटण कोणत्या बाजूला आहे, इन्स्पेक्टर येणार आहे का आणि सगळे हजर असणार का, एवढं विचारून हो म्हणाल्या. आता त्यांनाच मान हवा असेल तर आपण मध्ये का पडावं?

लोभ असू द्यावा आणि जमल्यास शिव्या कमी कराव्यात.

तुझा धाकटा

*

ता. १८ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायचा म्हणून लिहिते. वि. वि. दादाही बांधायचा, म्हणे! हे लिहिताना तुझा हात कसा अडखळला नाही? बांधायचा, कारण न बांधणाऱ्याला दुसऱ्या दिवशी धुलाईच्या वाफेत खाली पाठवायचात. त्यानेच मला सांगितलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्यात, पण पाठच्या भावाकडून ऐकायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आणि तो गेला त्या दिवशी इन्स्पेक्टर आत येईपर्यंत चिंधी गायब! दांडी मोकळी, मशीन शहाणं, दोष मेलेल्याचा. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, असं छापून आलं. आपला दादा, जो चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायचा, तो निष्काळजी! ती चिंधी कोणी सोडली हे मी तेव्हाही तुला विचारलं नाही, आताही विचारत नाही. तुला जेवण गोड लागतं का, एवढंच विचारते.

बाह्या दुमडून काम कर, म्हणे. अरे, रोलरला बाही नाही मिळाली तर बोटं मिळतील. लहानपणी चिमणी तुझ्या पाठीवर बसून सगळं घर फिरायची, आठवतं? ती आज तुझ्या डोळ्यांदेखत त्या तोंडापाशी उभी राहते आणि तू डोळ्यांवर कातडं ओढून गाडीच्या हॉर्नचं कौतुक सांगतोस.

वहिनींनाही मी लिहिलं की जाऊ नका, तुमचा फोटो काढून भिंतीवर लावतील आणि त्याच भिंतीखाली तुमच्या पोरीचा हात जाईल. उत्तर नाही. त्यांचाही राग आलाय मला. मान हवाय तर घेऊ देत. मी येणार नाही. मला तो देखावा बघवणार नाही.

लोभाचं नंतर बघू.

आक्का

*

ता. २३ एप्रिल

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. तू विचारलं नाहीस तरी जेवणाचं सांगतो. लागत नाही. झालं समाधान?

इकडे तयारी जोरात आहे. हॉलला रंग दिलाय. या दिवसाला जांभळ्या फिती लावतात असं मॅनेजरने कुठेतरी वाचलंय, त्यामुळे जिकडे तिकडे जांभळं. पाहुण्यांपुढे मशीनं नीट चालली पाहिजेत, अडली तर नाचक्की, म्हणून मळक्या चिंध्या काढायला लावल्या आणि त्याच जागी जांभळ्या फिती बांधायला सांगितल्यात. फूल काढून, शोभेसारख्या. यंदा घंटा द्यायची गरजच नाही म्हणून मॅनेजर स्वतःवर खूश आहे. दादाच्या रोलरची फीत मी बांधावी असं त्याचं म्हणणं आहे.

अजून बांधलेली नाही. पुढचं मला विचारू नकोस.

तुझा, तुला नको असला तरी,

धाकटा

*

ता. ४ मे

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून रुसला असाल. उत्तर लिहिलं असतं तर तुम्ही मला अडवलं असतं, नाहीतर इकडे धावत आला असता आणि सकाळीच गेटवर भांडण करून बसला असता. मला भांडण हवं होतं, पण ते आत, सगळ्यांसमोर.

वर्षभर मला लोक सांगतायत की शांत राहा. मी इतकी शांत राहिले की मॅनेजरला वाटलं ही बाई म्हणजे घरातलं कपाट, जिथे ठेवाल तिथे राहील. म्हणून तर त्याने बटण माझ्या हातात दिलं. चूक त्याची.

भाषण झालं. यांना त्याने आमचा लाडका सहकारी म्हटलं आणि कामगारांनी स्वतःची काळजी घ्यावी असंही म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मशीनं बंद केली. वन्सं, यांनी आयुष्य घालवलं त्या जागेत मी पहिल्यांदाच उभी होते. मिनिट संपलं. मॅनेजरने हसून मला हात केला. मी बटणापाशी गेले आणि दांडीवर ती जांभळी फीत पाहिली. हे रोज घरी येऊन सांगायचे, चिंधी कुठे बांधतात, कशी बांधतात. तीच जागा. माझ्या नवऱ्याच्या आठवणीची फीत, आणि तिनेच दांडी खाली दाबून धरलेली!

मी इन्स्पेक्टरला म्हटलं की साहेब, ही फीत तुमच्या हाताने सोडा, मग बटण दाबते. मॅनेजर पुढे झाला, म्हणाला, बाई, ही नुसती शोभा आहे आणि आजचा दिवस आठवणीचा आहे, तंट्याचा नाही. मी म्हटलं, शोभा आहे तर सोडायला घाबरता कशाला? तो भाऊजींवर ओरडला की बटण तुम्ही दाबा.

भाऊजी पुढे आले, वन्सं, आणि मला वाटलं, आता हे दाबणारच. पण ते बटणाकडे वळलेच नाहीत. इन्स्पेक्टरसमोर उभे राहून म्हणाले की ही फीत आज सकाळी मी बांधली आणि दादा गेला त्या दिवशी चिंधी मी सोडली, दोन्ही वेळा कोणाच्या सांगण्यावरून ते हा माणूस तुम्हाला सांगेल. आणि बोट दाखवलं.

इन्स्पेक्टरने फीत सोडली आणि बोट लावताच दांडी टुणकन वर आली. मग चिमणी म्हणाली की बाकीच्यांच्याही सोडा. आणि बायका आपणहून आपापल्या मशीनला हात घालून फिती ओढायला लागल्या. मी बटण दाबलंच नाही. त्यांनी एक मिनिट शांतता मागितली होती, मी त्यांना आख्खी पाळी दिली. गाडीचा हॉर्न वाजत राहिला.

भाऊजींना घरी बसवलंय. चौकशी आहे, त्यात त्यांचंही काय होईल सांगता येत नाही. मी त्यांना माफ केलं का, असं तुम्ही विचारालच. नाही केलं. राग आहे, आणि बराच दिवस राहील. पण दोन्ही वेळा जेवायला इकडेच बोलावते. समोर बसवते, वाढते, आणि यांच्या रिकाम्या जागेकडे बघत त्यांना जेवावं लागतं. तुम्हीही या. तुमच्या वाटणीचं ओरडणं मी शिल्लक ठेवलंय.

लोभ होता तसाच ठेवा. कमी वाटला तर येऊन भांडा.

तुमची वहिनी

ता. क. पाकीट चिकटवताना आठवलं म्हणून लिहिते. आता दांड्या मोकळ्या आहेत, तर चादर जरा फुगली की रोलर थांबतो. दिवसभर थांबतो. काम रेंगाळतं, पाळी लांबते, मॅनेजर बोटं मोडतो. चिमणीला घरी यायला रोज उशीर होतो. मी दारात उभी राहते. पण ती येते.