तुझ्या नावाचा पेला

आई, काल मी गावी काकीकडे जाऊन आले. ऑफिसात रजा टाकली, सकाळच्या एसटीने पोलादपूरला उतरले आणि पुढे जीपने वर गेले. काकीचे गुडघे हल्ली फार धरलेत, तिला बघायला म्हणून गेले असं सगळ्यांना सांगितलं. पण खरं म्हणजे मी तुझ्या नावाचा पेला मागायला गेले होते. तुला ह्यातलं काही माहीत असायचं कारण नाही. ते पेले आले तेव्हा तू नव्हतीस.

तू होतीस तेव्हा आपण बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. बाबा कंपनीत पाळीवर जायचे. स्टोव्हच्या वर एक फळी होती आणि तिच्यावर तुझ्या लग्नात आलेली पितळी भांडी होती. दोन पातेली, एक परात, कळशी आणि ती गोल पोटाची तपेली. मला सगळ्यात जास्त आठवते ती तपेली, कारण तिच्यावरून मी तुझी बोलणी खाल्ली. तू पाण्याला गेली होतीस. शेजारच्या मावशींनी ताक दिलं ते मी तपेलीत ओतून झाकून ठेवलं. संध्याकाळी बाबा ते भातावर वाढून घेणार तेवढ्यात तू त्यांचं ताट ओढलंस. ताक हिरवट झालं होतं, कळकलं होतं. "डोळे फुटले काय गो तुझे? आतली कल्हई उडालीय ती दिसत नाय?" असं ओरडलीस. बाबा म्हणाले, "जाऊ दे, पोर हाय." तू म्हणालीस, "पोर हाय म्हणून इख वाढू द्यायचं?" मग तू मोरीत बसून ती तपेली राखेने घासलीस, नंतर चिंचेने घासलीस, आणि घासताना स्वतःशीच म्हणालीस, "ह्या पितळेनं माझा जीव खाल्लाय." मला वाटलं ते मलाच उद्देशून आहे. मी त्या रात्री जेवले नाही. तू दोनदा उठवायला आलीस ते मला कळलं होतं.

पुढच्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस. मी नववीत होते. दिवसकार्य गावी झालं. बाराव्याच्या आदल्या दिवशी बाबा आणि काका बिरवाडीहून गावी आणलेली फळीवरची सगळी भांडी पोत्यात भरून महाडला घेऊन गेले. मी ओटीवर बसून बघत होते. पोतं खांद्यावर घेताना आतून आवाज आला तो अजून कानात आहे. बाजारात त्यांनी ते पितळ मोडीत घातलं, वजनावर, आणि त्याच्या बदल्यात स्टीलचे पेले आणले. प्रत्येकावर मशीनने कोरून घेतलं होतं, आधी कै. सौ., मग तुझं नाव, मग स्मरणार्थ. आपल्याकडे असंच करतात. माणूस गेलं की त्याच्या नावाचं भांडं नातेवाइकांत वाटायचं, म्हणजे घराघरात नाव राहतं. बाबांना त्यात समाधान होतं. कुणाला कमी पडला नाही, असं ते नंतरही बरेचदा म्हणायचे. ते पेले मीच सगळ्यांना दिले. लोक हातात घेऊन नाव वाचायचे आणि पिशवीत टाकायचे. शेवटी एक उरला तो मी धरून ठेवला तर आत्याने माझ्या हातातून काढून घेतला. "ज्यांचं माणूस गेलं त्यांनी ठेवायचा नसतो गो बाय. वाटायचा असतो." तो पेला तिने काकीला दिला. अशा रीतीने तुझी भांडी गेली आणि तुझ्या नावाची भांडीही गेली, आणि घरात तुझ्या हातचं काही उरलं नाही.

लग्न होऊन मी महाडला आले, नोकरी लागली, मुलगी झाली, आणि मग कधीतरी बाजारातून येताना मोडीच्या दुकानापुढे थांबायची मला सवय लागली. दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं आहे. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात असतात, हे एकटेच तराजूपाशी बसतात. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं की तेव्हा मोडीत आलेली भांडी कुठे मिळतील का. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, मोड म्हंजे भट्टी. तुमच्या आईची भांडी कवाच वितळली. कुणाच्या घरी नळाच्या तोट्या झाल्या असतील." तरी मी जात राहिले. एकदा कळशी आणली, एकदा ओगराळं, मग झाकणाचा डबा, मग अडकित्ता. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव असायचंच. तुझे जावई म्हणाले, "आणखी एक परात आली की आपण दोघं बाहेर व्हरांड्यात झोपायला मोकळे." पण त्यांनीच हॉलमध्ये काचेचं कपाट करून दिलं. मुंबईची नणंद येते ती कपाटापुढे उभी राहून म्हणते, "वहिनी, हे सगळं अँटिक आहे हं, आता ह्याला फार डिमांड." मी ती भांडी दर रविवारी पुसते. त्यात कधी काही शिजवत नाही.

गेल्या महिन्यात मुलीने कपाट उघडून विचारलं, "आई, ह्यात आजीचं कुठलं?" ती चौथीत आहे. मी म्हटलं, ह्यात नाही, आजीचा पेला काकीआजीकडे आहे, तो आणू. तिथपासून ती रोज विचारायची. मी चौकशी केली. आत्याकडचा पेला हरवला. मामाकडचा डोंबिवलीत घर बदलताना कुणाला तरी देऊन टाकला. राहिला काकीचाच.

काकीकडे तो तांदळाच्या डब्यात होता. मापाला. मी बघत होते तेव्हा तिने दोन पेले तांदूळ काढले, वरून हाताने सारखे केले आणि सुपात ओतले. पेल्याची कड एका बाजूने वाकली आहे. कै. सौ. पार पुसट झालंय, तुझं नाव तिरकं धरलं तर वाचता येतं. मी म्हटलं, "काकी, हा मला देशील? मी ह्याच्या बदली नवीन आणून देते."

"आं? कशाला पायजे तुला?"

"आईचं घरात काहीच नाही."

"मंग हा तरी कुठं तिचा? तिनं बघितला पन नाय." काकी सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "दिलेला परत नेत नसतात, बाय. आनि रोज भात टाकताना तिचं नाव हाताखालून जातं माझ्या. तू न्हेशील नि काचंत ठेवशील. तुझ्या सासरचे बोलत हुते, लय भांडी जमवलीस म्हनून."

"पितळेची. आईकडे होती तशी."

त्यावर काकी हसली, तोंडावर पदर धरून, खरंच हसू आलं तिला. "अगो, तुझ्या आयशीला पितळ बघवत नव्हती! घासून घासून बोटं सोलपाटायची तिची. मला म्हनायची, जाऊबाई, एकदा का ही मोडीत घातली नि स्टीलचा संसार आला की मी सुटले. तुझ्या बापाच्या मागं लागली हुती. त्यो म्हनायचा दिवाळीला बघू, दिवाळीला बघू. मंग शेवटी घातलीन मोडीत, पन ती गेल्यावर."

तिने त्याच पेल्यात मला पाणी दिलं. पाण्याला तांदळाच्या कोंड्याचा वास होता. मी ते सगळं प्यायले आणि पेला विसळून परत डब्यात ठेवला.

परत येताना महाडच्या स्टँडवर उतरले आणि घरी न जाता चाचांच्या दुकानात गेले. त्या दिवशीच एक पोतं आलं होतं, ते त्यांनी माझ्यापुढे रिकामं केलं. त्यात एक तपेली होती, गोल पोटाची. आपली नव्हे, आपलीचा कंठ रुंद होता. तिच्यावर एका बाईचं नाव होतं, टाकीने ठोकून घातलेलं, आडनाव झिजून गेलेलं. मी ती घेतली. चाचा म्हणाले, "ताई, ही तर फार दबलेली हाय. दुसरी बघा." मी म्हटलं हीच द्या.

दारात मुलगी उभीच होती. "पेला आणलास?" मी म्हटलं, पेला नाही, काकीआजीने आजीची तपेली दिली. हे मी आधी ठरवलं नव्हतं. तिने तपेली दोन्ही हातांनी घेतली, मांडीवर ठेवली, अक्षरं लावून लावून वाचलं आणि वर बघितलं. "पण आजीचं नाव तर वेगळं होतं ना?" मी म्हटलं, हे तिचं माहेरचं नाव. लग्नात बदललं. तिला ते पटलं. आज सकाळी ती शेजारच्या मुलीला ते नाव सांगत होती, जरा मिरवतच.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. आई, तुझं माहेरचं नाव मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. मामा तुला अक्का म्हणायचा, बाबा तर कुठल्याच नावाने हाक मारायचे नाहीत, आणि आता तेही नाहीत. डोंबिवलीला फोन केला तर मामा एका मिनिटात सांगेल. सकाळपासून दोनदा रिसीव्हर उचलला. पण तो दुसरंच काही नाव सांगेल म्हणून खाली ठेवला.