लोखंडी तोरणाचे पाच पोपट

१४ ऑक्टोबर

जानेवारीत मिळालेल्या वहीचं पहिलं पान आज लिहितो आहे. नऊ महिने उशीर झाला, माफी असावी. कारणं होती. आधी बीपी. मग मोतीबिंदू. मग मुलाने, म्हणजे पारसने, आमच्या कापड दुकानातली माझी गादी काढून तिथे काचेचा काउंटर बसवला, त्याचा राग. मी सातवी शिकलेला माणूस. रागात अक्षर नीट येत नाही.

आज राग संपला. वेल्डिंग मशीन आलं. सेहेचाळीस वर्षं कापड फाडलं, आता लोखंड जोडणार. मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले. अवघड काही नाही.

१५ ऑक्टोबर, सकाळी ९

नात एकता. लग्न ३० नोव्हेंबरला, इथेच अक्कलकुव्यात. वर अरिहंत, सुरतचा. आमच्यात नवरदेव घोड्यावरून येतो, नवरीच्या दारावरच्या तोरणाला तलवार लावतो, मग सासू ओवाळून आत घेते. तोरण लाकडी असतं, त्यावर पोपट. पारस थर्माकोलचं मागवणार म्हणतो. थर्माकोल फुंकरीने उडतं. मी लोखंडाचं करणार. पोपट पाच. शंभर वर्षं टिकेल.

एकताला विचारलं. ती म्हणाली, दादाजी, तुमचंच लावू. पारस हसला. आता माघार नाही. पोरगी सुरतला जाणार, दारावर माझ्या हातचं काहीतरी बघून जाईल.

संकल्प : काम फक्त दिवसा. संध्याकाळी उजेडाला किडे येतात, पाप लागतं. दुसरा संकल्प : घाबरायचं नाही.

१७ ऑक्टोबर

घाबरलो. मशीन चालू केलं की गल्लीतले पंखे हळू होतात. घरात मिक्सर बंद पडला, हुलासबाई (आमच्या घरातल्या) चटणी तशीच टाकून अंगणात आल्या. रॉड पट्टीला चिकटला, सुटेना. समोर मेहबूबभाईचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, चाळीस वर्षांची ओळख. त्याने येऊन आधी स्विच बंद केला, मग रॉड काढला. म्हणाला, सेठ, हातात काच धरायची असते, तिच्यातून बघायचं असतं. ती काच मला खोक्याचं झाकण वाटली होती.

एकंदरीत पहिल्याच दिवशी कामाचा परिणाम गल्लीभर जाणवला.

१९ ऑक्टोबर

काल एकदाच काच न धरता पाहिलं. फार तर दहादा. आज डोळ्यांत तिखट टाकल्यासारखं. मेहबूबभाई म्हणाला, डोळ्यांना आर्क लागली, बटाट्याच्या चकत्या ठेवा, आम्ही सगळे तेच करतो.

आमच्या घरात बटाटा नाही. तीन पिढ्या नाही. जमिनीखालचं आम्ही जैन खात नाही. हुलासबाईंनी काकडी ठेवली. काकडीने डोळे गार झाले, पण आग तशीच. शेवटी मेहबूबभाईच्या घरून आयशाभाभीने डबीत चकत्या पाठवल्या. मी ओट्यावर बसून ठेवून घेतल्या, उंबऱ्याच्या बाहेर. हुलासबाई दारातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सत्तर वर्षं तोंडात गेला नाही, आता डोळ्यांनी खा."

खाल्ला नाही. ठेवला. फरक आहे. तरी उपाश्रयातल्या महाराजसाहेबांना विचारून घ्यावं. डॉक्टरांनाही विचारावं, मोतीबिंदूवर चालतो का. आधी कोणाला विचारावं या काळजीत दुपार गेली. डोळे आपोआप बरे झाले.

२ नोव्हेंबर

दोन आठवडे लिहिलं नाही, काम जोरात होतं. रोज एक पोपट सांधायचा असं ठरवलं होतं. एक झाला.

मेहबूबभाईला दाखवला. तो बराच वेळ फिरवून बघत राहिला. मग म्हणाला, "सेठ, हाऊ पोपट नही शे. हाई कोंबडी शे."

चोच अजून ग्राइंडरने घासायची बाकी आहे. ते मी त्याला सांगितलं. पाय का इतके जाड, असं त्याने विचारलं. मजबुतीसाठी. शिकलेल्या कारागिराला एवढं कळू नये.

११ नोव्हेंबर

आनंदाचा दिवस. पाचही पोपट उभे राहिले. एक थोडा बसलेला आहे.

पारसला न सांगता व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. ‘चंपालाल आयर्न आर्ट, लग्नाची तोरणं, फक्त लोखंडी’. दोनशे. सुरतेत आमच्या समाजाची किती घरं! वर्षाला नुसती पन्नास लग्नं धरली तरी अडीचशे पोपट. एकट्याने कसं होणार? आतापासून झोप लागत नाही.

१६ नोव्हेंबर

मुख्य पट्टी कापली. दाराचं माप घेतलं आणि दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं जास्त सोडली. गिऱ्हाइकाला मापापेक्षा जरा जास्त द्यायचं, शिवताना कमी पडत नाही. जन्माची सवय. मेहबूबभाई म्हणाला, लोखंड काय धुतल्यावर आटतं का? मी म्हटलं, जास्त असलेलं कधी वाया जात नाही.

२१ नोव्हेंबर

तोरण तयार. रेड ऑक्साइड, मग हिरवा रंग. फार देखणं. वजन एकोणीस किलो.

दारावर हूक ठोकून टांगून पाहिलं. टिकलं. आम्ही चहा प्यायला आत गेलो तेव्हा हूक, प्लास्टर आणि तोरण तिन्ही खाली आलं. तोरणाला ओरखडा नाही. फरशी फुटली. यावरून कामाचा दर्जा कळतो.

पारस म्हणाला, बाबूजी, हे अरिहंतच्या डोक्यात पडलं तर? उद्याच थर्माकोलचं सांगतो. एकता तोरणावरची धूळ ओढणीने पुसत बसली.

मी जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

२८ नोव्हेंबर

थर्माकोलचं आलं. मोर आहेत, लाइट लागतो. फुंकर मारून पाहिली. हललं.

माझं तोरण गोडाउनमध्ये भिंतीला टेकवून ठेवलंय. पण पडण्याची काळजी खरीच आहे. स्वप्नात अरिहंत घोड्यावरून येतो आणि डोक्यावर पोपट बसलेला असतो. हूक नको. टांगायचंच नाही. दाराच्या लोखंडी चौकटीलाच वेल्ड केलं तर?

३० नोव्हेंबर, सकाळी ८.४०

सगळे आत तयार होताहेत. वरात हायवेवर पोचली, बँड ऐकू येतो. आताच करायला हवं. गोडाउनचे दोन हमाल तोरण धरायला बोलावले आहेत. थर्माकोल काढून कपाटामागे ठेवलं. दारापुढचं सरकतं लोखंडी चॅनेल गेट ओढून बंद केलं, म्हणजे मध्ये कोणी यायला नको.

९.१५

झालं. मागच्या दाराने आत येऊन लिहितो. दोन्ही टोकांना वेल्डिंगचे सहा-सहा टाके मारले. पोपट उन्हात चमकताहेत. एकताने खिडकीतून पाहिलं, हसली, लगेच रडली. मेकअपवाली मला ओरडली. आयुष्यात इतका खूश कधी नव्हतो. पारस काय बोलणार? काहीच बोलू शकणार नाही.

९.३५

पारस बोलतो आहे. गेट उघडत नाही.

९.४०

आता कळलं. दाराबाहेर आलेली ती चार-चार बोटं गेटच्या सरकत्या पट्ट्यांवर गेली. मला जिथे लोखंड दिसलं तिथे टाके मारले. चौकट कुठली, गेट कुठलं, घाईत कोण बघतो. वरात दारात आली आहे. मागच्या दाराने नवरदेव घ्यायचा नाही, हुलासबाईंचा हुकूम. वही खिशात घालून बाहेर जातो. नाहीतर बाथरूममध्ये जातो.

दुपारी २

बाहेर गेलो. सगळं लिहून ठेवतो.

अरिहंतने घोड्यावरून तोरणाला तलवार लावली. टण्ण! असा आवाज थर्माकोलचा येईल का? तलवारीचं टोक वाकलं, तलवार भाड्याची. एकही टाका सुटला नाही. मग तो उतरून गेटपाशी उभा राहिला. सूनबाई, म्हणजे एकताची आई, आत आरती घेऊन. दोघांच्या मध्ये जाळी. तिने जाळीतून हात काढून टिळा लावला, तो नाकावर गेला. अरिहंत भला मुलगा, हात जोडून उभा. सुरतवाले मोबाइलवर शूटिंग करत होते.

मेहबूबभाई पाहुणा म्हणून आला होता, नवा पांढरा कुर्ता. तो दुकानातून ग्राइंडर घेऊन आला. ठिणग्या उडायला लागल्या, बँडवाल्यांना वाटलं आतषबाजी, त्यांनी जोर वाढवला. घोडं नाचलं. वीस मिनिटं लागली. बाराव्या टाक्याला घाम पुसून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सेठ, दीड महिनामा आज पहिल्यांदा तुमना टाका पक्का बसना."

हे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवले. कार्डावर छापता येतील.

तोरणाचे तीन तुकडे झाले. पण तलवार लागली ती माझ्याच तोरणाला.

१ डिसेंबर

एकता गेली. निघताना गाडी थांबवून उतरली आणि मधला मोठा पोपट मागितला. चार किलोचा. ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतला. बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मला काल परत आर्क लागली असावी.

९ डिसेंबर

घर शांत. मशीन मेहबूबभाईकडे आहे. हुलासबाई म्हणतात, देऊन टाकलं. सर्व्हिसिंगला दिलं असेल. कार्डांच्या कोऱ्या बाजूला त्या दूधवाल्याचा हिशेब लिहितात.

१६ डिसेंबर

पारस सुरतला जाऊन आला. मी विचारलं, पोपट कुठे बसवला? त्याने आधी पाणी मागितलं. मग म्हणाला, बाल्कनीच्या दारात. सातवा मजला, वाऱ्याने दार आपटतं, त्याला टेकवून ठेवलाय. सासरचे त्याला कोंबडी म्हणतात.

दारात. मी म्हणालो होतोच.

एकताला मेसेज पाठवतो, बोटं चुकतात म्हणून आधी इथे लिहितो. बेटा, तब्येत कशी, जेवण आवडतं का. पोपटाला गंज आला तर तेल लावायचं. घरात आणखी किती दारं आपटतात ते मोजून कळव. इथे चार पोपट नुसते बसून आहेत. लवकर कळव, मी दुपारचा झोपत नाही.