बारा मिनिटांची नोंद

बाळीवेस, सोलापूर
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

चि. रुद्राणीस,

तुझ्या आत्याचे, म्हणजे अत्ती रत्नम्माचे, आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे बरे आहोत, तुम्ही सगळे मंगळवेढ्याला बरे असाल. एरवी मी कुठलाही कागद घेतला की पहिली ओळ 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' अशी घालते, मग ते पत्र असो की वाण्याची यादी. आज घातलेली नाही. का ते पुढं येईल.

ह्यांच्या, म्हणजे तुझ्या मामांच्या, पायाची सूज उतरली आहे. सकाळी तळ्याच्या कडेनं चालत देवळापर्यंत जातात, थोडं बसतात, येतात. महिन्याला रक्त तपासून घेतो. मीठ कमी सांगितल्यामुळं शेंगाची चटणी बंद केली आहे, त्यावरून रोज एकदा तरी भांडतात. म्हणतात, "सोलापुरात राहून शेंगाची चटणी न्हाय, मग काय पुण्यात ऱ्हायचं का?" तुमच्याकडं ज्वारी आता चांगली उंच झाली असेल. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं थंडीत पहाटे अंगण झाडू नकोस.

तू फोन उचलत नाहीस. तीनदा केला. उचलला असतास तरी मी हेच विचारलं असतं, गुडघे आणि ज्वारी. फोनवर मला मुद्द्याचं बोलता येत नाही. कागदावर खोडता येतं म्हणून धीर येतो. हा तिसरा कागद आहे.

भाऊबीजेला गुरुलिंग आला होता. रिक्षातून एकटाच उतरला, तरी तू मागून येतेस का म्हणून मी दोनदा रस्त्यावर बघितलं. पाटावर बसला, मी ताट घेतलं, आणि निरांजन फिरवायच्या आधीच तो बोलायला लागला.

"अक्का, पोरीची नोकरी गेली ती गेलीच. बार्शीला एका दवाखान्यात विचारलं तर म्हंत्यात, आदीच्या ठिकाणचा अनुभवाचा दाखला आणा. आन् हितले तर दाखला द्यायला तयार न्हाईत."

मी विचारलं, का. मला काही माहीत नसल्यासारखं विचारलं.

"कुण्या पेशंटच्या बाईनं चिठ्ठी टाकली की. सिस्टर लोक मोबाईल बघत बसतात म्हणून. ते आपल्या रुद्राणीवर शेकलं."

मामा म्हणाले, "कोण होती ती?"

"कुणास ठाऊक. स्वतःचं नाव बी लिवलं न्हाय त्या भवानीनं. रुद्राणीला इचारलं तर म्हंती, जाऊ दे बाबा. पर तू बघ अक्का, तिच्या हाताला कदी यश येयाचं न्हाय."

आणि मी त्याला ओवाळलं. त्यानं पिशवीतून इरकल काढलं, जांभळ्या काठाचं. म्हणाला, "तुझ्या आवडीचा रंग हाय. रुद्राणीनं निवडलाय." मी ते कपाळाला लावून घेतलं आणि आत जाऊन चुलीपाशी उभी राहिले. भाजी करपली तरी हलले नाही.

रुद्राणी, ती चिठ्ठी माझी होती.

हे तुला माहीत आहे हे मला शुक्रवारी कळलं. ते सांगते. पण आधी जे मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं ते लिहिते.

ऑगस्टात पाय सुजला म्हणून मामांना तुझ्या वॉर्डात ठेवलं तेव्हा माझ्याजवळ वही होती. मला रिकामं बसता येत नाही हे तुला माहीत आहे. सलाईन किती वाजता लावलं, लघवी किती झाली, कोणते डॉक्टर आले, सगळं मी लिहीत होते. तू पहिल्या दिवशी बघितलंस आणि म्हणालीस, "अत्ती, आमच्यापेक्षा तुमचाच चार्ट चांगला." मला बरं वाटलं. मग मी सिस्टर लोकांचंही लिहायला लागले. कोण किती वेळ खिडकीत उभं राहून मोबाईल बघतं ते. घड्याळ लावून.

एकदा तू मला सांगितलंही होतंस. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर नुसती बिलं निघतात. नेट डॉक्टरांच्या खोलीत आहे, सिस्टर लोकांना नाही. काही बघायचं असलं तर आपला फोन, आपला रिचार्ज, आणि रेंज त्या चादरीच्या कपाटाजवळच्या खिडकीतच. मी म्हणाले होते, "औषधाचं डॉक्टरांनी वाचावं, सिस्टरला वाचून काय करायचंय?" तू हसलीस आणि दुसऱ्या पेशंटकडं गेलीस. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून गेलीस.

आता त्या गोळीचं.

मामांना काखेत नायटा झाला होता. मागच्या वर्षीच्या चार गोळ्या डब्यात उरल्या होत्या. मुदत संपली नव्हती, ते मी बघितलं होतं. त्या मी पिशवीत घालून आणल्या आणि जेवणानंतर रोज एक देत होते. सिस्टरला सांगायचं सुचलं नाही असं मी तेव्हा म्हणाले. सुचलं होतं. सांगितलं तर नवीन लिहून देतील, घरातल्या वाया जातील, म्हणून सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दात घासताना मामांच्या थुंकीत रक्त आलं. सुईच्या जागी हात काळानिळा झाला होता. तू चादर बदलायला उशी उचललीस आणि खाली गोळ्यांची ती पट्टी सापडली. तू विचारलंस, "अत्ती, ही गोळी तुम्ही दिलीत? किती दिल्या? कधीपासून?" तुझा आवाज मोठा नव्हता. पण वॉर्डात पडदा नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई, ती अक्कलकोटकडची निंगव्वा, म्हणाली, "बाई घरनंच डॉक्टर बांधून घिऊन आल्यात की पिशवीत." सगळी ओळ हसली. मामासुद्धा हसले, तोंडात रक्त असताना.

तू हसली नाहीस. तू पट्टी घेऊन खिडकीत गेलीस, तिचा फोटो काढलास, वाचत राहिलीस, मग फोन केलास. डॉक्टर आले. मामांची रक्त पातळ करायची गोळी बंद केली, नळीत रक्त काढून नेलं, एक इंजेक्शन दिलं. डॉक्टर मला म्हणाले की ह्या दोन गोळ्या एकत्र चालत नाहीत, रक्त फार पातळ होतं, आणखी दोन दिवस गेले असते तर मेंदूत रक्तस्राव झाला असता. हे मी ऐकलं. कानानं ऐकलं. मनात निंगव्वाचं हसू चाललं होतं.

वहीत मी लिहिलं: सकाळी ९.१० ते ९.२२, मोबाईल, खिडकीत.

दुसऱ्या दिवशी मामा झोपले असताना मी त्या नोंदी एका कागदावर उतरवल्या. सात होत्या. दोन दुसऱ्या सिस्टरांच्या, पाच तुझ्या. नाव कुणाचंच घातलं नाही. मी स्वतःला म्हणाले, मी सगळ्यांची तक्रार करते आहे, पेशंटचं भलं व्हावं म्हणून. पण वेळा तर मी घातल्या होत्या. कोणत्या वेळी कोण ड्यूटीवर हे त्यांच्या रजिस्टरात असतंच. इतकी वर्षं घरातलं सगळं मांडून ठेवणाऱ्या बाईला एवढं कळत नव्हतं असं नाही. खाली लिहिलं, 'एका पेशंटची नातेवाईक', आणि लिफ्टजवळच्या पेटीत टाकलं. त्यातली सगळ्यात मोठी नोंद त्या बारा मिनिटांची होती.

पुढच्या आठवड्यात मामांना घरी सोडलं. तू रिक्षापर्यंत आलीस, औषधं समजावून सांगितलीस आणि म्हणालीस, "अत्ती, घरचं काहीही द्यायचं असलं तर आधी मला फोन करा." मी म्हणाले, बरं.

भाऊबीजेनंतर मला जेवण जाईना. शुक्रवारी मामांना देवळात जाते म्हणून सांगितलं आणि तुझ्या हॉस्पिटलात गेले. तुझ्या वॉर्डातल्या महेश्वरी सिस्टर होत्या. मी त्यांना म्हणाले, ऑगस्टातला तो कागद माझा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चादरींच्या खोलीत नेऊन बसवलं.

म्हणाल्या, "बाई, आता आलात?"

त्यांनीच सांगितलं. कागदानंतर आदेश निघाला, ड्यूटीवर येताना मोबाईल काउंटरवरच्या डब्यात जमा करायचे. तू महिनाभर जमा केलास. मग एका म्हाताऱ्याचं औषध किती पाण्यात कालवायचं ते बघायला फोन खिशात ठेवलास आणि सापडलीस. तेव्हा साहेबांनी जुना कागद काढून तुझ्यापुढं ठेवला.

"तिनं वरची देवाच्या नावाची ओळ बघितली," महेश्वरी सिस्टर म्हणाल्या, "आणि कागद पालथा घातला. साहेबांनी विचारलं, अक्षर ओळखतेस का? म्हणाली, नाही. मग म्हणाले, माफी लिहून दे, मिटवू. तर म्हणाली, पेशंटसाठी वाचलं त्याची माफी कशी मागू?"

तू होस्टेलवर होतीस तेव्हा तीन वर्षं मी तुला पोस्टकार्डं घातली. प्रत्येकावर तीच ओळ, तीच अक्षरं. तुला ओळखायला काय वेळ लागणार? तू एवढंच म्हटलं असतंस तरी पुरलं असतं, की ही बारा मिनिटं ह्याच बाईच्या नवऱ्यासाठी होती. तू बोलली नाहीस. तिथंही नाही, घरीही नाही. आणि माझ्यासाठी इरकल निवडलंस.

त्या कागदावर मी देवाचं नाव घातलं होतं, म्हणून आज ते लिहायला हात धजला नाही. शुक्रवारी देवळात जाते म्हणाले होते, तिथंही बाहेरूनच नमस्कार केला.

मी त्या खोलीत बसले होते तेव्हा एक नवी मुलगी हातात बाटली घेऊन आली. "सिस्टर, हे किती वेळात सोडायचं?" महेश्वरी सिस्टरांनी डॉक्टरांच्या खोलीत फोन लावला. कुणी उचलेना. परत लावला. पोरगी बाटली धरून तशीच उभी. मला म्हणाल्या, "आधी हिनं खिडकीत जाऊन बघितलं असतं. आता कुणी फोन उचलेपर्यंत पेशंट थांबतो. आणि पोरींना भीती इतकी बसलीय, की काहीजणी विचारायचंच सोडून देतात." माझं लक्ष घड्याळाकडं गेलं. सवय. नऊ मिनिटांनी फोन उचलला गेला.

मी तिथंच कागद मागितला आणि सगळं लिहून दिलं. गोळी माझी, लपवली मी, ती पट्टी ओळखून डॉक्टरांना बोलावलं ते तू, त्या बारा मिनिटांत मामांचा जीव वाचला, तक्रार खोटी नव्हती पण तिच्यात खरं सांगितलं नव्हतं. शेवटी ती नऊ मिनिटंही घातली. नाव, पत्ता, तू माझी सख्ख्या भावाची मुलगी, सगळं लिहून सही केली. ऑफिसातल्या माणसानं वाचलं. म्हणाला, "तक्रार मागं घेता येईल आजी, आदेश मागं घेता येणार नाही. आणि तिच्या जागी माणूस घेतलाय." दाखल्याचं विचारलं तर म्हणाला, वरिष्ठांशी बोलून कळवू. कधी, ते सांगितलं नाही. मी सोमवारी, म्हणजे आज, परत जाऊन आले. साहेब बाहेरगावी आहेत. गुरुवारी परत जाणार आहे. दाखला मिळेपर्यंत जात राहणार आहे. मामांना काल रात्री सांगितलं. ते म्हणाले, "मी हसायला नको होतं तेव्हा." एवढंच.

शिक्का मारलेली नक्कल सोबत जोडली आहे. बार्शीत किंवा कुठंही विचारलं तर ती दाखव. माझं नाव झाकू नकोस. कोण लागते विचारलं तर तेही सांग.

माफ कर असं मी लिहीत नाही. तू माफ केलं नसतंस तर गप्प बसली नसतीस, हे मला कळतं. पण तुझ्या गप्प बसण्याच्या आडोशाला मी इतके दिवस राहिले, आणि भाऊबीजेचं ताट हातात धरून भावाच्या तोंडून मला मिळालेला शाप दुसरीला मिळाल्यासारखा ऐकला. ते आता मला पेलत नाही.

म्हणून पाकिटावर तुझं नाव घातलेलं नाही. गुरुलिंगचं घातलं आहे. तो फोडील, चष्मा लावील आणि हे आधी तोच वाचील. मग तुझ्या हाती आल्यावर तू माझी बाजू घेऊ नकोस. वाचून झाल्यावर त्याला मला अक्का म्हणावंसं वाटलं तर म्हणेल, नाहीतर नाही.

तुझी अपराधी,
रत्नम्मा
(गुरुलिंग, ती बाई मी.)