तीन नंबरचा घुसखोर

बिश्केक, ७ जुलै

प्रिय बुरुल-एजेला धाकट्या भावाचा, एर्मेकचा सलाम, वि. वि.

एजे, घोडीचं दूध काढत असशील तर बादली आधी बाजूला ठेव. करायला नको तो उद्योग मी करून बसलोय.

तुझे दीर कुबात-बैके यांनी मला कामावर घेतलं ते निव्वळ तुझ्या शब्दावर, हे तू महिन्यातून एकदा ऐकवतेसच. काम टेपच्या यंत्राचं. माणूस कॉम्प्युटरवर बटण दाबतो, खाली यंत्र टेप फिरवतं. मधला निरोप्या म्हणजे ड्रायव्हर, तो मी लिहितो. वरच्या प्रोग्रॅमने निरोप्याला कुठले हुकूम सोडायचे, त्याची यादीही माझीच. एक म्हणजे वाजव, दोन थांब, तीन कोरी कर, चार मागे गुंडाळ. वरून नुसता नंबर येतो, नाव येत नाही. निरोप्या नंबर बघतो नि कामाला लागतो.

मग मला आला कंटाळा. यंत्राची मोटर हळू-जोरात फिरवली की ते गुणगुणतं, असा शोध मला लागला. मी 'गा' नावाचा नवा हुकूम केला. कुबात-बैके खुर्चीत टेकले की यंत्र लग्नातलं ते चावट गाणं म्हणायचं. बिचारे टेबलाखाली वाकून उंदीर शोधत होते.

इथवर ठीक होतं. पण हा 'गा' मी यादीत मध्येच घुसवला, तीन नंबरवर. खालचे सगळे एकेक जागा सरकले, आणि आता चार म्हणजे झालं 'कोरी कर'. ऑफिसातले प्रोग्रॅम आम्ही नव्या यादीवरून पुन्हा केले, त्यांना काही झालं नाही. नारीन शहरातला गाण्यांचा संग्रह सांभाळणाऱ्या मैराम-एजेचा प्रोग्रॅम मात्र जुनाच आहे, आणि तिच्या कॉम्प्युटरवर नवा ड्रायव्हर मीच हौसेने टाकून दिला. आज तो जुना प्रोग्रॅम इथे लावून एक टेप मागे घ्यायला गेलो, तर टेप कोरी. 

आणि मैराम-एजे यंत्र, जनरेटर सगळं घेऊन तुमच्याच जायलूवर, डोंगरातल्या उन्हाळी कुरणावर निघाली आहे. रविवारी आक्मात-अबांना जाऊन वर्ष होतंय, त्या वर्षाच्या जेवणाला त्यांचं गाणं ऐकवणार. म्हाताऱ्याच्या आवाजाची ती एकच टेप, दुसरी प्रत परत आल्यावर काढणार होती. तिथे फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी घोडीच्या दुधाचं कुमीस न्यायला येणाऱ्या झूमार्त-बैकेच्या ट्रकने पाठवतोय. टेप वाजली तरी चालेल, थांबवली तरी चालेल. फक्त 'मागे'चं बटण कुणाला दाबू देऊ नकोस.

का ते सांगू नकोस. कुबात-बैकेला कळलं तर मी रस्त्यावर, आणि तुझा शब्द माझ्याबरोबर.

माया पातळ करू नकोस, कुमीस पातळ केलंस तरी चालेल.

तुझा एर्मेक


जायलू, १३ जुलै

चि. एर्मेकला अनेक आशीर्वाद वि. वि. आशीर्वाद रीत म्हणून लिहिले, मनात काय आहे ते भेटलास की कळेल.

तुझी चिठ्ठी मिळाली, पण केव्हा? झूमार्त-बैके वाटेत सासुरवाडीला थांबले. पाकीट उघडून परत चिकटवलेलं होतं, आणि हातात देताना माझ्याकडे असे बघत होते, जसं काही माझ्याच वर्षाचं जेवण आहे. तोवर पाहुणे बसले होते, गाणं सुरू झालं होतं.

आवाज काय रे आक्मात-अबांचा. त्यांची म्हातारी ओठ हलवत सोबत म्हणत होती. गाणं संपलं आणि म्हातारीच म्हणाली की पुन्हा एकदा लावा. मैराम-एजेचा हात बटणाकडे निघाला.

मी काय करणार होते? तू तोंड शिवून ठेवलेलं. समोर मटणाचं ताट घेऊन पुतण्या उभा होता. मी ताट हिसकावलं, सगळ्यात वरचं जम्बाशचं हाड उचललं, त्यावर शेपटीची चरबी ठेवली नि मैराम-एजेच्या पुढे धरलं. मानाचा तुकडा नाही म्हणता येत नाही, दोन्ही हातांनीच घ्यावा लागतो. कोपरापर्यंत चरबी गळायला लागली. असल्या हातांनी ती यंत्राला शिवेल होय? ती धुवायला उठली तशी मी टेप काढली नि संदुकीत नमद्याखाली लपवली. म्हातारीला सांगितलं, यंत्र तापलंय. ती बरं म्हणाली. ते बरं मला अजून टोचतंय.

पण थोरले म्हणून ते जम्बाश होतं अतांचं, माझ्या सासऱ्यांचं. ते गेलं, म्हणून त्यांना खालच्या मानाचं हाड मिळालं, त्यांचं त्यांच्या खालच्याला, असे सगळे एकेक जागा घसरले. दाराशी बसलेल्याला नुसता रस्सा. तुझी यादी मला तेव्हा नीट कळली बघ. अतांनी हाड तसंच ताटात ठेवलं आणि घोडे बघायला निघून गेले. तेव्हापासून चहा शेजारच्या तंबूत पितात. मैराम-एजे टेप मागतेय, तिला किती दिवस टोलवू?

मी कुणाला सांगितलेलं नाही. पण तू काहीतरी कर.

खात जा. मोजे पाठवलेत.

तुझी बुरुल


बिश्केक, १७ जुलै

प्रिय बुरुल-एजेला सलाम, वि. वि.

तुझी चिठ्ठी वाचून आधी हसलो, मग अतांच्या चहाशी आलो नि हसू गेलं.

यादी दुरुस्त केली. जुने नंबर जिथल्या तिथे, 'गा' पार शेवटी, आणि ऑफिसातले प्रोग्रॅमही पुन्हा तसेच केले. आता नवा हुकूम कितीही लाडका असो, मधली जागा मिळणार नाही. उशिरा आलेल्याने दाराशी बसायचं. आणि 'कोरी कर' कुणीही म्हटलं की चालत नाही, मैराम-एजेची खूण लागते. ताटातलं मानाचं हाड काय कुणीही उचलतं का? (तू सोडून.) कुबात-बैकेंनी नवी यादी बघितली, खूश झाले, नियम भिंतीवर लावला. मला विचारलं, हे सुचलं कसं. मी म्हटलं, तुमच्या घरचंच वळण आहे.

शनिवारी याच ट्रकच्या पुढच्या फेरीने वर येतोय. मैराम-एजेचं यंत्र नीट करतो, मग टेप काढ, आणि म्हातारीला गाणं हवं तितक्यांदा ऐकू दे. येताना मेंढा आणतोय. जम्बाश अतांपुढे मी धरणार आणि खरं काय ते सांगणार. त्यांनी ते मुलाला, कुबात-बैकेंना सांगितलं तर माझी नोकरी गेली. जाऊ दे. त्यांनी चहा तुझ्या हातचा प्यायला पाहिजे.

पण शनिवारपर्यंत गप्प राहा. घोडीलाही सांगू नकोस.

मोजे एका मापाचे नाहीत, पण ऊब आहे. तशीच तुझी माया राहो.

तुझा एर्मेक

ता. क. झूमार्त-बैके, तुम्ही हे सासुरवाडीच्या अंगणात बसून वाचताय, मला माहीत आहे. वाचलंत ते वाचलंत. अतांना हे माझ्या तोंडून कळू द्या. तुमच्या पाया पडतो, पाकीट चिकटवा, ट्रक सुरू करा, आणि कुणाला सांगू नका.