मोजणीचा आठवडा

प्रिय लेकरा,

तुझ्या आईचे गुडघे बरे आहेत. जिना चढताना अजून माझ्या नावाने खडे फोडते, म्हणजे तब्येत ठणठणीत समज. दुकानही चालू आहे, पण परवापासून खऱ्या दुरुस्तीची एकही सायकल आलेली नाही. का, ते सांगतो.

तू फोनवर म्हणाला होतास ना, जगभरच्या शहरांत आता मोटारी बाजूला सारून झाडं, बाकं, सायकलींचे रस्ते करतायत, आपल्याकडेही तुमचं ऑफिस तेच आखतंय. सायकली दुरुस्त करणारा माणूस मी, मला तर आभाळ ठेंगणं झालं. मग बोलता बोलता तू सांगितलंस, की आधी माणसांची ये-जा मोजतात, आणि जिथे कोणी चालत नाही ती गल्ली हिशेबात धरत नाहीत. हे मी फार मनावर घेतलं. गल्ली ओस दिसली तर आपली घरं पाडतील, असा अर्थ मीच लावला.

खांबावर मोजणीची काळी डबी बसली, तसा मी दारोदार फिरलो. आतली बातमी आहे, माझा मुलगा त्याच ऑफिसात आहे, घराबाहेर पडा, चाला. काय मजा आली म्हणून सांगू! समोरचा शिंपी गळ्यात टेप घालून येरझाऱ्या घालायचा. इस्त्रीवाली मावशी एकच गाठोडं दिवसातून सात वेळा पोचवायची. तुझ्या आईनेही कण्हत कण्हत रोज अकरा फेऱ्या मारल्या. आठवडाभर गल्ली नुसती हसत होती.

मंगळवारी पालिकेत नकाशा लागला. गर्दीत आपली गल्ली शहरात पहिली. म्हणून झाडा-बाकांसाठी रुंदीकरणही पहिलं आपलंच. चित्र इतकं देखणं, की मी झाडंच बघत राहिलो. शिंप्याने एका झाडावर बोट ठेवलं आणि म्हणाला, इथे माझं मशीन आहे. आपल्या बाजूची बावीसच्या बावीस दारं जाणार. मागची गल्ली, जिथे चिटपाखरू फिरकत नाही, ती आहे तशी राहणार. खिडकीवरचा कारकून शांतपणे म्हणाला, गरज तुम्हीच चालून दाखवलीत.

तेव्हापासून माझ्याशी कोणी भांडलेलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. दारांवर लाल आकडे पडलेत. माणसं घोळक्याने उभी असतात, मी जवळ गेलो की गप्प होतात. काल शिंपी आला, धडधाकट ब्रेक तपासायला दिला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मुलगा कधी येतोय म्हणालात?" संध्याकाळी मावशीने तेच विचारलं. आज सकाळी आणखी तिघांनी, त्याच मऊ आवाजात. लहानपणी ज्यांनी तुला अंगाखांद्यावर खेळवलं, त्यांना मी पहिल्यांदा खोटं सांगितलं, की रजा मिळाली नाही.

फोन करणार होतो, पण तुझी आई जवळच असते, आणि तिने तुझी गादी उन्हात घालून ठेवलीय. लोकांच्या या विचारपुशीबद्दल तिला मी काही बोललेलो नाही. चार तारखेचं तुझं तिकीट रद्द कर. पालिकेत हरकतींची सुनावणी आहे, तिथे मी सगळ्यांसमोर उभा राहून सांगणार आहे, की चूक मुलाची नव्हे, माझी. ते ऐकून घेतात की नाही, बघू. मी स्वतः कळवेपर्यंत घरी येऊ नकोस बाळा. आणि तुझ्या आईने बोलावलं, तरीही नको.

तुझाच, आणि या गल्लीने ठेवलं तर तिचाही,
बाबा